हलिमाबीचं जुनं पाणी

बुलढाणा जिल्ह्यात जाऊन आलो म्हटलं की लोक दोनच प्रश्न विचारतात. लोणारचं तळं पाहिलं का, आणि बुलढाण्याची हवा खरंच इतकी थंड असते का. तळं पाहिलं. हवा एवढी थंड की पहाटे दोन घोंगड्या पांघरूनही माझे दात वाजत होते. झाली उत्तरं. उरलेला मजकूर मी रागाने लिहिणार आहे. ज्यांना प्रवासवर्णनात नुसते डोंगर आणि चांदणं हवं असेल त्यांनी इथेच पान उलटावं.

मी मूळचा पुण्याचा. नोकरी नागपूरला, एका तपासणीशाळेत. लोक पितात त्या पाण्यात आणि दुधात कोणते जंतू आहेत, ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहून लिहून द्यायचं, हे माझं काम. वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेलं असल्यामुळे तिकडच्या विहिरी आणि तिकडची दुभती जनावरंही आमच्याच वाट्याला येतात. ऐन हिवाळ्यात एक कागद आला. बीबी गावात हलिमाबी नावाच्या एका बाईने विकलेलं शेळीच्या दुधाचं पनीर खाऊन तिघांना उलट्या-जुलाब झाले होते. त्या भागातल्या आरोग्याधिकाऱ्यांनी विक्री बंद केली होती. नमुना घेऊन तपासावा, असा आम्हाला हुकूम होता. आणि त्याच कागदाच्या तळाशी, 'सदर बाईची भांडी नष्ट करण्याचे योजिले आहे' असंही लिहिलं होतं. म्हणजे शिक्षा आधी ठरली होती आणि चौकशी मागून येणार होती. माझं डोकं तापलं ते तिथून.

मलकापूर ते मेहकर

मलकापूरला आगगाडी सोडली आणि मोटर लॉरी धरली. धरली म्हणजे अक्षरशः धरली, कारण बसायला मिळालेल्या फळीला पाठ नव्हती. बुलढाण्याच्या घाटात इंजिनाचं पाणी उकळलं. ड्रायव्हरने सगळ्यांना खाली उतरवलं आणि शांतपणे विडी पेटवली. सागाची पानं झडलेली, खाली दरीत धुकं, आणि आम्ही वीस माणसं एका लॉरीला घाट चढवतोय. पुण्याकडे असं झालं असतं तर निम्मे लोक भाडं परत मागत बसले असते. इथे एका शेतकऱ्याने फडक्यातून भाजलेल्या तुरीच्या शेंगा काढल्या आणि मला ओंजळभर दिल्या. "खा न बाप्पा, गाडी काई पळून नाई जाऊन राह्यली," म्हणाला. मी खाल्ल्या आणि ढकलायला लागलो.

माझ्याजवळ बारा काचेच्या बरण्यांची पेटी होती. त्या मी नागपूरला वाफेवर निर्जंतुक करून, तोंडाला कापूस आणि कागद बांधून आणल्या होत्या. पुढे एका नाक्यावर तिथल्या कारकुनाने पेटी उघडायला लावली. "रिकाम्या बरण्या इतक्या लांबून कोन नेते बे?" त्याला दारूचा संशय आला. मी कपाळाला हात लावून समजावतो आहे तोवर त्याने एकेक करून बाराच्या बारा बरण्या सोडल्या आणि प्रत्येकीत नाक घालून हुंगलं. शेवटची हुंगल्यावर चेहरा असा केला की जणू मीच त्याला फसवलं. सरकारच्या एका माणसाने केलेलं काम सरकारच्या दुसऱ्या माणसाने नाकाने पुसून टाकलं, आणि वर पावती दिली.

बीबी

मेहकरहून बीबीला दमणीने, म्हणजे हलक्या बैलगाडीने गेलो. दोन्ही बाजूंना काळी जमीन, वेचणीला आलेला कापूस, कमरेच्या वर गेलेली ज्वारी. उतरलो राघोजी पाटलांकडे. पाटील चाळिशीचे, जाडजूड, हसरे. ज्या तिघांना पनीर बाधलं त्यांत त्यांची आईही होती, म्हणून मला वाटलं इथे हलिमाबीच्या नावाने शिव्या ऐकायला मिळतील. ज्वारीची भाकर, वांग्याचं भरीत आणि डोळ्यांत पाणी आणणारा ठेचा वाढता वाढता पाटील म्हणाले, "डाक्टरसाहेब येऊन गेले, कागद करून गेले. पण आमच्या मायले कोनं काई इचारलंच नाई."

माय कोपऱ्यात घोंगडीवर बसली होती. तोंडात एक दात नाही, पण आवाज सगळ्या घराला पुरून उरेल असा.

"मीच खाल्लं आन मीच ओकली," ती म्हणाली. "दात पडल्यापासून हलिमाचंच पनीर खाऊन राह्यली मी. कधी पोट दुखलं नाई. ह्या टायमाले चव येगळी होती. बुळबुळीत होतं. मी म्हनलं बी, हे हलिमाच्या हातचं नाई. पन बाईमानसाचं आयकते कोन?"

एवढी महत्त्वाची साक्ष कोणत्याच कागदावर नव्हती.

सकाळी आधी पाटलांच्या चुलीवर माझ्या बरण्या पुन्हा उकळून घेतल्या आणि मग हलिमाबीकडे गेलो. तिचा नवरा अत्तार होता, आठवडी बाजारात जडीबुटी विकायचा. तो गेल्यावर ही साठीची बाई चार शेळ्या आणि या पनीरावर एकटी राहत होती. घर म्हणजे एक खोली, पण अंगण असं सारवलेलं की पायाचा ठसा उमटावा याचा संकोच वाटावा. पनीराची सारी भांडी उन्हात पालथी, घासून लखलखीत. मला पाहून ती उठली नाही. म्हणाली, "भाऊ, तुमी बी भांडे फोडाले आले काय?"

मी म्हटलं, पाहायला आलो आहे.

"मंग पाहा. पैसा नाई म्हनून नाई रडत मी. शेळ्या हायेत, दूध इकीन. पन गावात लेकरं मले पाहून म्हनतात, जहरवाली आली. तीस साल ह्या गावाले खाऊ घातलं न म्या."

तिचं सगळं दुःख एवढंच होतं आणि ते तिने एकदाच सांगितलं. पुढे ती फक्त कामाचं बोलली.

पनीर करायची तिची रीत अशी. शेळीचं दूध धारोष्ण असतानाच त्यात डोडीच्या बिया फडक्यात बांधून चोळायच्या. या बिया तिच्या नवऱ्याच्या धंद्यातल्या. त्यांनी दूध खरवसासारखं घट्ट जमतं. ते बांबूच्या लहान टोपल्यांत निथळायचं आणि मग मडक्यातल्या आंबट-खारट पाण्यात दोन-तीन आठवडे बुडवून ठेवायचं. या पाण्याला ती जामन म्हणते, म्हणजे आपलं विरजण. ते मडकं कधीच पूर्ण रिकामं करायचं नाही. निम्मं पाणी ठेवायचं, त्यात नवं मीठपाणी आणि पनीराचं निथळलेलं पाणी भरायचं. तिच्या सासूने तिला दिलं होतं ते हेच पाणी.

"मंग ह्या टायमाले काय बदललं?" मी तिच्याच बोलीत विचारायचा प्रयत्न केला. तिला हसू आलं, पण तिने ते आवरलं.

आत जाऊन तिने कागद आणला. गावच्या मास्तरांनी तिला तो वाचून दाखवला होता. दोन महिन्यांपूर्वी आरोग्याधिकारी फिरतीवर आले असताना त्यांनी स्वतःच्या सहीने दिलेल्या सूचना होत्या त्या. दूध खळखळ उकळावे. जुने नासके पाणी फेकून द्यावे. मडके उकळत्या पाण्याने व लाल औषधाने धुवावे. ताज्या मीठपाण्यात माल ठेवावा.

"एक बी गोठ चुकली नाई म्या," ती म्हणाली. "साहेब लोक आपल्या भल्याचंच सांगतात न? जुनं पानी फेकाले मन होत नव्हतं माहं. पन फेकलं. उकळलेलं दूध डोडीनं जमेच ना. हातानं दाबलं, फडक्यात पिळलं, पुन्हा दाबलं. पह्यला माल झाला तो पाटलाच्या घरी गेला."

"हे तुम्ही कोणाला सांगितलं का नाही?"

"काऊन सांगू? साहेबाचं नाव घेऊ काय चार मानसात?"

मी पेटीतून लिटमसचे कागद काढले. निळा कागद आंबट पाण्यात घातला की लाल होतो, एवढं शाळेतल्या मुलालाही माहीत असतं. तिने ठेवलेल्या नव्या मीठपाण्यात तो बुडवला. निळाच राहिला. वास मात्र असा की तोंड फिरवूनच मी एक बरणी त्या पाण्याने भरून घेतली. तिथेच उलगडा झाला. दुधाला आंबट करणारे जंतूच त्या मडक्याचे राखणदार होते. त्या आंबटपणात आणि मिठात पोट बिघडवणारे जंतू तग धरत नाहीत. उकळीने राखणदार मेले आणि पेरणी न केलेल्या शेतात तण माजावं तसे हाताचे, फडक्याचे, विहिरीच्या पाण्याचे जंतू त्या कोऱ्या मडक्यात माजले.

कच्च्या दुधाचा मी वकील नाही. शेळीच्या कच्च्या दुधातून माल्टा बेटावर ताप पसरला होता, हे मीही शिकलो आहे. नुसतं दूध प्यायचं तर उकळून प्या, असं मी माझ्या घरीही सांगतो. पण ज्या रीतीने गावाचं पोट तीस वर्षं सांभाळलं ती मोडण्याआधी एकदा तरी तपासावी की नाही? एक लिटमसचा कागद, एवढाच प्रश्न होता. तोही कुणी खिशातून काढला नाही.

"जुनं पाणी थोडंही उरलं नाही का?" मी विचारलं.

"इथं नाई. सकिनापाशी हाय." सकिना तिची लेक, उंद्रीला दिलेली. "लग्नात जहेजमंदी मडकंभर जामन देल्लं होतं तिले. तिच्या घरी कोनी साहेब गेला नाई."

लोणार

आरोग्याधिकारी, म्हणजे पाटलांचे डॉक्टरसाहेब, त्या आठवड्यात लोणारला मुक्कामी होते. उंद्रीचा नमुना घ्यायचा तर त्यांच्या कानावर घालणं भाग होतं. वाट वाकडी करून गेलो.

तळ्याबद्दल इतकंच. सपाट रान चालता चालता एकदम पायाखाली संपतं आणि खोल वाटीच्या तळाशी हिरवं पाणी दिसतं. काठाला जुनी देवळं, त्यांच्यावर झाडी, मोर ओरडताहेत. उतरलो तर खाऱ्या चिखलाचा उग्र दर्प. बरोबरचा माणूस सांगत होता, "ह्या पान्यात काईच जगत नाई." मी ओंजळीत पाणी घेऊन पाहिलं. हिरवा रंग कशाचा होता मग? सबंध तळं बारीक जिवांनी भरलं होतं. डोळ्यांना दिसत नाही ते नसतंच, आणि असलंच तर वाईटच असतं, असं धरून चालणारी माणसं त्या दिवशी मला जिकडेतिकडे भेटत होती.

डॉक्टरसाहेब सज्जन गृहस्थ. हे मुद्दाम लिहितो, कारण दुष्ट माणसावर रागावणं सोपं असतं. त्यांनी मला चहा दिला, माझी चौकशी केली. हात धुवायलासुद्धा त्यांच्याकडे उकळून गार केलेलं पाणी होतं. मी त्यांना त्यांचाच सूचनांचा कागद दाखवला आणि काय घडलं ते सांगितलं.

"म्हणजे माझ्या सूचनांमुळे लोक आजारी पडले?" ते हसून म्हणाले. "अहो, स्वच्छतेने कोणी आजारी पडतं का? त्या बाईने काहीतरी अर्धवट केलं असणार."

"अर्धवट केलं असतं तर बरं झालं असतं. तिने अक्षरन् अक्षर पाळलं."

"त्या मडक्यात कोट्यवधी जंतू असतील."

"असतील. आपण दुपारी जेवणात दही घेतलंत?"

"घेतलं."

"त्यात काय होतं?"

"ते घरचं होतं," ते म्हणाले.

त्यांच्या घरच्या दह्यातले जंतू कुलीन, आणि अत्ताराच्या विधवेच्या मडक्यातले गुन्हेगार! माझा आवाज चढला. त्यांचा चढला नाही. उंद्रीचा नमुना घ्यायचा तर जरूर घ्या, अहवालात सविस्तर लिहा, आम्ही विचार करू, असं ते म्हणाले आणि मला दारापर्यंत पोचवायला आले. विचार करू, या दोन शब्दांवर मी विश्वास ठेवला.

उंद्री

परतीची वाट मी उंद्रीवरून घेतली. सकिनाचा नवरा कपडे शिवतो. तो बाजाराला गेला होता आणि ती ओसरीवर डोडीच्या बिया निवडत बसली होती. आईचीच नाकाची ठेवण, आईसारखंच मोजकं बोलणं. मी बीबीहून आलो म्हटल्यावर आधी शेळ्यांची खुशाली विचारली, मग आईची. मला वाटतं, आईची विचारायला धीर होत नव्हता.

सगळं ऐकल्यावर ती मला आत घेऊन गेली. अंधाऱ्या कोपऱ्यात राखेत बसवलेलं मडकं. तोंडाची सगळी कड मीठ खाऊन पांढरी झालेली. आरोग्याधिकाऱ्यांनी पाहिलं असतं तर त्यांना भोवळ आली असती. तिने झाकण काढलं. ताकाचा, ओल्या मातीचा आणि किंचित लिंबाच्या सालीचा वास आला. निळा कागद बुडवला तो क्षणात लाल झाला. मी मोठ्याने हसलो. सकिना दचकली, मग तीही हसली.

तिने एका केळीच्या पानावर पनीराचा तुकडा, गरम भाकर आणि हिरवी मिरची ठेवली. मी पुण्याचा माणूस. आमच्याकडे दुधाचे प्रकार म्हणजे श्रीखंड, बासुंदी, सगळं गोड. हा तुकडा खारट, आंबट, दातांखाली किंचित करकरणारा, आणि मागाहून जिभेवर शेळीच्या दुधाची ती रानटी चव. दुसरा तुकडा मी मागून घेतला. तिसरा तिने न मागता वाढला.

पेटीतली एक बरणी मी त्या पाण्याने भरली. चिठ्ठीवर नाव आणि गाव लिहायला लागलो तशी तिने विचारलं, "भाऊ, माहं नाव कागदावर जाईन काय?"

"नावाशिवाय पुरावा धरत नाहीत," मी म्हणालो. "तुझ्या आईवरचा डाग जायचा तर हे लिहावंच लागेल."

"मंग लिहा," ती म्हणाली. "पन इकडं कोनी येनार तं नाई न?"

"कोणी येत नाही. घाबरू नको."

हे मी म्हणालो. माझ्याच तोंडाने.

नागपूर

पुढचा प्रवास सुखाचा झाला, त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. तपासणीशाळेत मी त्या दोन पाण्यांवर जितकी मेहनत घेतली तितकी कोणत्याही विहिरीवर घेतली नसेल. बीबीच्या नव्या पाण्यात पोट बिघडवणारे जंतू खच्चून भरलेले होते. उंद्रीच्या जुन्या पाण्यात आंबट करणारे, फक्त तेच. मग मी आणखी एक केलं. बीबीचे वाईट जंतू मुद्दाम उंद्रीच्या पाण्यात सोडले आणि रोज पाहत राहिलो. आठवडा संपायच्या आत एकही जिवंत उरला नाही. इतका आनंद मला नोकरीत कधी झाला नव्हता. तीन पानी अहवाल लिहिला. हलिमाबीची रीत निर्दोष, दोष उकळीचा, उंद्रीचं मडकं हाच त्याचा पुरावा, ते जपावं आणि त्यातलं पाणी बाईला परत द्यावं, असं स्पष्ट लिहिलं. सकिनाचं नाव, नवऱ्याचं नाव, गाव, घराची खूण, सगळं दिलं. पुराव्यात कसर नको म्हणून.

महिन्याने हुकुमाची नक्कल आली. माझ्या अहवालातली पहिली दोन वाक्यं उचललेली होती: बीबीच्या नमुन्यात अपायकारक जंतू आढळले, आणि त्याच प्रकारचा माल उंद्री येथेही तयार होतो. पुढची पानं कोणी उलटलीच नव्हती. दोन्ही घरची भांडी नष्ट करण्यात आली असून जनतेच्या आरोग्याचा धोका टळला आहे, असा शेवट होता. मी तावातावाने वरिष्ठांकडे गेलो. ते म्हणाले, "आपलं काम तपासायचं. पुढचं त्यांचं." मी टेबलावर हात आपटला, दौत सांडली, आणि त्यांच्या नव्या टिपकागदाची नासाडी झाली. त्यापलीकडे माझ्या रागाने काही साधलं नाही.

उंद्रीला कोणीच गेलं नसतं. ते मडकं त्या अंधाऱ्या कोपऱ्यात सकिनाच्या लेकीच्या लग्नापर्यंत सुखाने राहिलं असतं. वाट मी दाखवली.

गेल्या आठवड्यात राघोजी पाटलांचं पत्र आलं. उंद्रीत मडकं विहिरीजवळ आणून लोकांसमोर फोडलं. खापऱ्या सकिनाने स्वतः गोळा केल्या. माय बरी आहे, पण आता भाकर दुधात कुस्करून खाते आणि दिवसभर डॉक्टरसाहेबांचा उद्धार करते. पत्राच्या शेवटी पाटलांनी हलिमाबीचा निरोप तिच्याच शब्दांत लिहिला होता:

"भाऊले सलाम सांगा. भाऊवर माहा राग नाई. उंद्रीहून भाऊनं काचेच्या बरनीत थोडं जामन नेलं होतं, तेवढं धाडून द्या म्हना. बोटभर असलं तरी चालते. शेळी व्याली हाय, दूध तयार हाय. पुन्हा जमवतो मी."

तपासून झालेले नमुने उकळून नष्ट करायचे, हा आमच्याकडचा नियम आहे. अहवालावर सही केली त्याच संध्याकाळी मी ती बरणी उकळत्या पाण्यात ठेवली होती. वीस मिनिटं, घड्याळ लावून.